पर्फमध्ये नावांऐवजी नुसतं 'अननोन': बायनरी सरळ नसेल तर सिम्बॉल लावायचे कसे?

आकडेमोड | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, इथे लिनक्सवर पर्फ (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) वापरणारं कोणी आहे का? गेले चार दिवस एकाच फ्लेमग्राफकडे (त्या मोजणीच्या चित्राकडे) बघून डोळे पांढरे व्हायची वेळ आली आहे.

सी प्लस प्लसमधली एक सर्व्हिस आहे. बायनरी (कंपाइल झालेली, चालवायची फाइल) दुसरी टीम बांधून देते, आम्ही फक्त चालवतो. गेल्या महिन्यात सीपीयू अचानक वाढला. म्हटलं, तर्क लढवत बसण्यापेक्षा मोजूनच बघू. चालू प्रोसेसला पर्फ रेकॉर्ड जोडलं, ९९ हर्ट्झने मिनिटभर सॅम्पल घेतली आणि रिपोर्ट उघडला. ७१ टक्के सॅम्पल 'अननोन'! नावाच्या जागी नुसते लांबलचक पत्ते. कर्नल आणि लिबसीची नावं मात्र व्यवस्थित येतात.

बायनरी स्ट्रिप केलेली नाही, म्हणजे फंक्शनांची नावं (सिम्बॉल) तिच्यातून काढून टाकलेली नाहीत. 'फाइल' कमांड स्पष्ट 'नॉट स्ट्रिप्ड' म्हणते, आणि एनएम (सिम्बॉलची यादी काढणारी कमांड) चालवलं की हजारो फंक्शनं धडाधड बाहेर पडतात. म्हणजे नावं घरातच आहेत, पर्फला तेवढी दिसत नाहीत. नक्की काय चुकतंय?

(कमांडा देवनागरीत लिहितोय, सांभाळून घ्या. टर्मिनल एवढं समजूतदार नाही.)

निवांत_नंदू | सोमवार, रात्री ११:१५

फ्रेम पॉइंटर (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याचा माग ठेवणारं रजिस्टर) ठेवून पुन्हा कंपाइल करायला सांगा. ऑप्टिमायझेशन चालू असलं की जीसीसी कंपायलर तो काढून टाकतो आणि पर्फ आंधळं होतं. फेडोराने ३८ पासून आणि उबुंटूने २४.०४ पासून पॅकेजं फ्रेम पॉइंटरसकट बांधायला घेतली ती याचसाठी.

तिरफळ | सोमवार, रात्री ११:३८

नंदू, माहिती खरी आहे, पण औषध दुसऱ्याच रोगाचं आहे. फ्रेम पॉइंटर नसला तर स्टॅक तुटतो, म्हणजे कोणाला कोणी बोलावलं ते कळत नाही. सॅम्पल पडलं त्या क्षणी सीपीयू कुठल्या पत्त्यावर होता ते पर्फला कळतंच, तो पत्ता रजिस्टरमधूनच येतो. आकडेमोड यांचं रडगाणं असं की पत्ता हातात आहे आणि त्या पत्त्यावर राहतं कोण ते माहीत नाही.

पत्त्यापासून नावापर्यंत जायला पर्फला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. हा पत्ता प्रोसेसच्या कुठल्या मॅपिंगमध्ये, म्हणजे मेमरीच्या कुठल्या तुकड्यात, पडतो? ते मॅपिंग कुठल्या फाइलचं, आणि त्या फाइलमध्ये किती आत? आणि फाइलमधल्या त्या जागी सिम्बॉल टेबल कोणाचं नाव सांगतं? 'अननोन' तिन्ही पायऱ्यांवर येऊ शकतं आणि प्रत्येक वेळी उपाय वेगळा असतो. लोक मात्र पहिल्याच फटक्यात तिसऱ्या पायरीवर उडी मारतात: डीबग माहिती घाला, हायफन जी लावा. तुमच्याकडे एनएम बोलतंय, तेव्हा तिसरी पायरी शाबूत आहे. मला पहिली नाहीतर दुसरी मोडलेली वाटते.

प्रोसेस चालू असताना प्रॉक डिरेक्टरीतली त्या पीआयडीची (प्रोसेसच्या क्रमांकाची) 'मॅप्स' फाइल उघडा आणि ज्या ओळींवर एक्झिक्यूटची परवानगी आहे त्या इथे टाका.

डोंबल्या | मंगळवार, सकाळी ८:०५

मी पैज लावतो, बायनरी यूपीएक्सने पॅक केलेली आहे. आमच्याकडे एका महाभागाने डॉकर इमेज बारीक करायला केलं होतं. चालू होताना बायनरी स्वतःला मेमरीत उलगडते, डिस्कवर असतं ते फक्त गाठोडं. पर्फ काय डोंबल शोधणार त्यात!

तिरफळ | मंगळवार, सकाळी ८:२०

पॅक केलेली असती तर एनएमने हजारो नावं दिली नसती राव. पण 'मेमरीतलं आणि डिस्कवरचं एकसारखं नाही' हा तुमचा वास बरोबर आहे. मॅप्स येऊ द्या.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १:४७

जेवणाच्या सुट्टीत काढलं. पत्ते फार लांब आहेत, म्हणून बायनरी जिथे लोड झाली तिथपासूनचं अंतर लिहितो. सगळे आकडे हेक्समधले आहेत.

० ते १८४०००: फक्त वाचन, बायनरीचं नाव आहे, फाइल ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ०
१८४००० ते १९५०००: एक्झिक्यूट, बायनरीचं नाव आहे, ऑफसेट १८३०००
१९५००० ते ११९५०००: एक्झिक्यूट, नावच नाही, ऑफसेट ०
११९५००० ते १२१८०००: एक्झिक्यूट, पुन्हा बायनरीचं नाव, ऑफसेट ११९४०००

मधला तो भला मोठा तुकडा निनावी आहे. हे असं कसं? डेटाबिटा असेल म्हणावं तर एक्झिक्यूटची परवानगी आहे.

तिरफळ | मंगळवार, दुपारी २:३०

सापडला चोर! त्या तुकड्याची लांबी काढा: हेक्समध्ये १००००००, म्हणजे बरोबर १६ एमबी. कमी-जास्त काही नाही, नेमके १६. दोन-दोन एमबीचे आठ तुकडे. हा योगायोग नाही, तुमची बायनरी स्वतःला ह्यूज पेजेसवर, म्हणजे मेमरीच्या मोठ्या पानांवर, हलवते आहे.

कसं ते सांगतो. साधं पान ४ केबीचं. १६ एमबी कोड म्हणजे ४०९६ पानं, आणि प्रोसेसरच्या आयटीएलबीत (कोडच्या पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या तक्त्यात) एवढ्यांचे पत्ते एका वेळी मावत नाहीत. तोच कोड २ एमबीच्या पानांवर ठेवला तर काम आठ पानांत भागतं. म्हणून काही मोठे प्रोग्राम सुरू होताना एक कसरत करतात: आपलाच कोड बाजूला कॉपी करायचा, मूळ जागी त्याच पत्त्यांवर निनावी मेमरी मॅप करायची, कर्नलला 'इथे मोठी पानं दे' म्हणायचं आणि कोड परत तिथे उतरवायचा. नोड जेएसमध्ये यासाठी स्विच आहे, एचएचव्हीएम हे करायचं, बोल्टमध्येही सोय आहे. २ एमबीच्या सीमेत न बसणारे दोन्ही टोकांचे उरलेसुरले तुकडे फाइलवरच राहतात. तुमच्या यादीत वरखाली जे नाव दिसतंय ते त्यांचंच.

म्हणजे जमीन जागच्या जागी आहे, एक इंचही हललेली नाही, फक्त सातबाऱ्यावरचं नाव उडालंय. पर्फ विचारतं ही जागा कुठल्या फाइलची, कर्नल म्हणतो कुठलीच नाही. संपलं.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी २:४१

दंडवत घ्या. बांधणाऱ्या टीमला विचारलं. म्हणाले, हो, मागच्याच रिलीझपासून चालू केलंय, रिलीझ नोटमध्ये आहे की. (आहे. सतराव्या मुद्द्यात.) आता इलाज?

डोंबल्या | मंगळवार, दुपारी ३:०२

पैज हरलो. इलाज सोपा आहे, ते ह्यूज पेजचं कलम बंद करा, प्रोफाइल घ्या, परत चालू करा. पाच मिनिटांचं काम.

शेवग्याची_शेंग | मंगळवार, दुपारी ४:१०

डोंबल्या, मग तू मोजणार तो प्रोग्राम दुसराच झाला ना. आयटीएलबीवर पडणारा ताण बदलला की कुठल्या फंक्शनवर किती सॅम्पल पडतात तेही सरकतं. शिवाय प्रॉडक्शनवरची प्रोसेस रीस्टार्ट केलीस की ज्या अवस्थेत ती तापली होती ती अवस्था गेली. ठोकळ अंदाजापुरतं चालेल, नाही म्हणत नाही. पण सीपीयू वाढला मागच्या रिलीझपासून आणि हे कलम आलं तेही मागच्या रिलीझपासून. संशयितालाच घराबाहेर काढून पंचनामा करायचा का?

तिरफळ | मंगळवार, सायंकाळी ५:२५

शेंगताईंशी सहमत. बंद न करता करायचा उपाय असा:

पर्फला निनावी पण एक्झिक्यूटेबल मेमरी दिसली की ते हात टेकण्याआधी एक गोष्ट बघतं. टीएमपी डिरेक्टरीत 'पर्फ-', पुढे पीआयडी आणि शेवटी '.मॅप' अशा नावाची फाइल आहे का? ही सोय मुळात जिटवाल्यांसाठी केलेली. जावा किंवा जावास्क्रिप्टचं इंजिन चालता चालता मशीन कोड तयार करतं आणि त्याला फाइलच नसते, मग ते स्वतः या मॅपमध्ये लिहून ठेवतं की मी अमुक पत्त्यावर अमुक फंक्शन ठेवलंय. रचना अगदी बाळबोध. दर ओळीत तीन गोष्टी: सुरुवातीचा पत्ता, आकार आणि नाव. दोन्ही आकडे हेक्समध्ये. नावात स्पेस असल्या तरी चालतं, ओळीचा उरलेला भाग म्हणजे नाव.

ही फाइल जिटनेच लिहावी असा काही नियम नाही. आपण लिहू! एनएमला आकारासकट आणि डीमँगल करून (नावं वाचता येतील अशी करून) यादी मागा, त्यातली फक्त कोडची सिम्बॉल ठेवा, प्रत्येक पत्त्यात बायनरीचा लोड पत्ता मिळवा, आणि ओतून टाका. दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट. पर्फ ही फाइल रिपोर्टच्या वेळी वाचतं, रेकॉर्डच्या वेळी नाही, तेव्हा कालचंच रेकॉर्डिंग वापरता येईल. अट एकच, ते रेकॉर्डिंग याच प्रोसेसचं हवं. मध्ये रीस्टार्ट झाली असेल तर पीआयडी गेला आणि लोड पत्ताही गेला.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९:१८

रीस्टार्ट झालेली नाही, नशीब. पण मॅप फाइल लिहूनही काही फरक नाही. पुन्हा ७१ टक्के अननोन.

तिरफळ | मंगळवार, रात्री ९:२६

फाइलचा मालक कोण आहे? पर्फ रिपोर्ट चालवणारा युजर किंवा रूट, या दोघांव्यतिरिक्त कोणाची असेल तर पर्फ ती वाचत नाही. नीट बघा, वरच तशी तक्रार केलेली असेल. सर्व्हिस कंटेनरमध्ये असेल तर आणखी एक भानगड: तिथली टीएमपी वेगळी आणि आतला पीआयडीही वेगळा.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९:५०

मालकच! सर्व्हिसच्या युजरखाली स्क्रिप्ट चालवली होती. बदलला आणि नावं आली!! भराभरा आली, अननोन ३ टक्क्यांवर उतरलं. कंटेनर नाही, थेट मशीनवर आहे.

पण आता वेगळंच डोकं फिरलंय. यादीत सगळ्यात वर, २२ टक्के घेऊन, कॉन्फिगरेशनची फाइल वाचणारं फंक्शन आहे. ते सुरुवातीला एकदा चालतं. एकदा! दिवसभर तेच चालू आहे असं रिपोर्ट सांगतो. खाली लॉग फाइल बदलणारं एक फंक्शन ९ टक्के. तेही मध्यरात्री एकदाच. उद्या सकाळी त्या टीमसमोर हे दाखवायचं का?

शेवग्याची_शेंग | मंगळवार, रात्री १०:३३

अजिबात दाखवू नका. ही नावं खोटी आहेत.

आणि ही अवस्था अननोनपेक्षा वाईट आहे. अननोन दिसलं की माणूस सावध असतो. नाव दिसलं की विश्वास ठेवतो. तुमचं नशीब की पहिलं नाव इतकं अशक्य निघालं. तिथे एखादं पटण्यासारखं नाव पडलं असतं, समजा जेसॉन पार्सर, तर तुम्ही उद्यापासून जेसॉन पार्सर सुधारायला घेतला असतात.

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. दोन नोकऱ्यांपूर्वी असाच एक रिपोर्ट घेऊन तीन दिवस एका सॉर्टिंगच्या फंक्शनमागे लागले होते. ते दुप्पट वेगवान केलं आणि एकूण वेळात दमडीचा फरक पडला नाही. मग लक्षात आलं की रेकॉर्ड केलं सोमवारच्या बायनरीवर, रिपोर्ट काढला मंगळवारी, आणि मध्ये रात्री कोणीतरी त्याच पाथवर नवीन बिल्ड टाकला होता. जुने पत्ते, नवी नावं. तेव्हापासून मी बिल्ड आयडी बघितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारा प्रोग्राम) बायनरीत एक २० बाइटचा ठसा टाकून ठेवतो, पर्फ रेकॉर्ड तो टिपून घेतं आणि बायनरीची प्रत होम डिरेक्टरीतल्या '.डीबग'मध्येही जपून ठेवतं. आमच्या त्या बायनरीत ठसाच नव्हता, कोणीतरी लिंकरचा तो पर्याय बंद केला होता. का? कोणालाच आठवत नव्हतं.

तुमच्या बाबतीत मला बिल्डपेक्षा गणिताचा संशय आहे. लोड पत्ता कसा काढलात? आणि रीडएल्फने बायनरीचे प्रोग्राम हेडर (कुठला तुकडा मेमरीत कुठे जातो ती यादी) काढून पहिल्या दोन लोड सेगमेंटचे ऑफसेट आणि व्हर्च्युअल पत्ते टाका.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ११:०४

लोड पत्ता असा काढला: मॅप्समधली नाव असलेली पहिली एक्झिक्यूट ओळ घेतली, तिच्या सुरुवातीतून तिचाच ऑफसेट वजा केला. इंटरनेटवर सगळीकडे असंच सांगितलंय.

प्रोग्राम हेडर:
पहिला लोड, वाचन: ऑफसेट ०, पत्ता ०
दुसरा लोड, एक्झिक्यूट: ऑफसेट १८३७४०, पत्ता १८४७४०

शेवग्याची_शेंग | मंगळवार, रात्री ११:२७

दुसरी ओळ पुन्हा वाचा. ऑफसेट १८३७४०, पत्ता १८४७४०. दोघांत हेक्स १००० चा, म्हणजे ४०९६ बाइटचा फरक आहे. तुमची बायनरी एलएलडी या लिंकरने लिंक केली असणार.

जीएनयूच्या नेहमीच्या लिंकरने बांधलेल्या बायनरीत हल्ली कोडच्या सेगमेंटचा फाइलमधला ऑफसेट आणि त्याचा व्हर्च्युअल पत्ता बहुधा एकच असतो. मग लोक, आणि लोकांनी लिहिलेली साधनंही, दोन्ही एकच मानून चालतात. एल्फच्या (लिनक्सच्या बायनरी फाइलच्या रचनेच्या) नियमात असं काहीही नाही. नियम एवढाच की पानाच्या आकाराने भागल्यावर दोघांची बाकी सारखी यावी. ७४० आणि ७४०, आली. एलएलडी फाइलमधली जागा वाचवायला सेगमेंट एकमेकांना चिकटवून ठेवतो आणि पत्ते मात्र पुढच्या पानावर ढकलतो. प्रत्येक सेगमेंटला हा फरक एकेका पानाने वाढत जातो. पूर्णपणे कायदेशीर.

आता तुमचं गणित करू. मॅपिंग सुरू होतं लोड पत्ता अधिक १८४००० ला. तुम्ही ऑफसेट १८३००० वजा केलात. उरलं लोड पत्ता अधिक १०००. म्हणजे मॅप फाइलमधलं प्रत्येक नाव खऱ्या जागेपेक्षा ४०९६ बाइट पुढे जाऊन बसलं. सीपीयू खरा असतो २०१४८० ला, तुमच्या फाइलमध्ये तिथे २००४८० चं नाव लिहिलेलं. ४ केबीत दहा-वीस फंक्शनं सहज मावतात. शेजारच्या आळीतल्या माणसाच्या नावाने समन्स निघालं.

खरा लोड पत्ता हवा तर पहिल्या लोड सेगमेंटची मॅपिंगची सुरुवात घ्या, तिथे ऑफसेट आणि पत्ता दोन्ही शून्य आहेत. किंवा ऑक्झिलरी व्हेक्टरमधला (प्रोसेस सुरू होताना कर्नल देतो त्या यादीतला) एंट्री पत्ता घेऊन त्यातून एल्फ हेडरमधला एंट्री पत्ता वजा करा. मला ही दुसरी रीत जास्त आवडते, कारण तिला मॅप्सशी देणंघेणंच नाही, मग कोणी काहीही रीमॅप करू दे.

तिरफळ | मंगळवार, रात्री ११:४०

चूक माझीही. 'लोड पत्ता मिळवा' म्हणून मोकळा झालो, तो काढायचा कसा ते सांगितलंच नाही.

पडताळणीची एक युक्ती: सगळ्यात तापलेले दोन-तीन पत्ते घ्या आणि जीडीबी या डीबगरला 'इन्फो सिम्बॉल' विचारा. जीडीबी मॅपिंगच्या नावावर अवलंबून राहत नाही, तेही ऑक्झिलरी व्हेक्टरवरूनच सरकवण्याचं अंतर काढतं. म्हणून ह्यूज पेजच्या खेळानंतरही ते खरं बोलतं. फक्त प्रॉडक्शनवर जीडीबी जोडलं की प्रोसेस थबकते, तेव्हा टेस्टच्या मशीनवर करा.

कोकमसरबत | बुधवार, सकाळी ७:५५

धागा एका दमात वाचला. विषयाला धरूनच एक अवांतर: मी वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) विंडोजचा एक गेम चालवतो आणि मधूनमधून अडखळतो म्हणून पर्फ लावलं. तिथेही सगळं अननोन. तिथे तर कोणी ह्यूज पेज वगैरे करत नसणार?

तिरफळ | बुधवार, सकाळी ९:१२

अवांतर कसलं, सख्खा भाऊच आहे तो. विंडोजच्या पीई फाइलमध्ये, म्हणजे तिथल्या बायनरीत, विभाग सहसा ५१२ बाइटच्या सीमेवर ठेवलेले असतात आणि मेमरीत गेल्यावर ४०९६ च्या. वर शेंगताईंनी 'बाकी सारखी यावी' म्हटलं ती अट इथे पाळली जातेच असं नाही. अट मोडली की लिनक्सला फाइल थेट मॅप करता येत नाही, म्हणून वाइन निनावी मेमरी घेतं आणि फाइल वाचून त्यात ओततं. निकाल तोच, जमीन आहे आणि सातबारा कोरा.

फरक असा की तिसरी पायरीही मोडलेली असते. विंडोजवर नावं बायनरीत नसतात, वेगळ्या पीडीबी फाइलमध्ये असतात, आणि गेमवाले ती कशाला देतील? मिंगडब्ल्यूने (विंडोजसाठीच्या एका मोफत कंपायलरने) बांधलेल्या डीएलएल (लायब्ररी) असतील, वाइनच्या स्वतःच्या असू शकतात, तर त्यांत ड्वार्फ (डीबग माहिती) मिळण्याची आशा आहे. त्यांच्यासाठी हीच मॅप फाइलची युक्ती चालते: मॉड्यूल जिथे लोड झालं तो पत्ता अधिक सिम्बॉलचा त्यातला सापेक्ष पत्ता. सगळं हाताने करायचं नसेल तर सॅम्पली नावाचा प्रोफाइलर बघा, तो अशी तुकड्या-तुकड्यांची पीई मॅपिंग ओळखायचा प्रयत्न करतो.

पर्फमध्येही पीई वाचायचा कोड आला आहे, पण तो लिबबीएफडी या बायनरी वाचणाऱ्या लायब्ररीवर टेकलेला. लिबबीएफडी जीपीएल आवृत्ती ३ खाली आणि पर्फ जीपीएल आवृत्ती २ खाली, दोघांची पत्रिका जुळत नाही. म्हणून डिस्ट्रोसोबत येणाऱ्या पर्फमध्ये ते जोडलेलं नसतं, स्वतः बांधून घ्यावं लागतं.

निवांत_नंदू | बुधवार, सकाळी ९:४०

लायसन्सपायी सिम्बॉल दिसत नाहीत हे भारी आहे. आमच्याकडे पर्फ स्क्रिप्टला तासन् तास लागतात तेही याच कारणाने का?

डोंबल्या | बुधवार, सकाळी १०:०१

हो! लिबबीएफडी नसलं की इनलाइन फंक्शनं उलगडायला पर्फ बाहेरच्या ॲडर-टू-लाइनला कामाला लावतं, आणि जीएनयूचं ते महाराज मोठ्या ड्वार्फवर गोगलगायीच्या चालीने चालतात. 'नो-इनलाइन' द्या आणि चहाला जा. परत येईपर्यंत नक्की झालेलं असेल. हे मला येतं, पैज लावतो.

शेवग्याची_शेंग | बुधवार, सकाळी ११:२०

नंदू, तुमची जावाची सर्व्हिस आहे ना? मॅप फाइलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आकडेमोड यांच्या बायनरीत कोड एकदा जागेवर बसला की बसला. जिटमध्ये तसं नसतं. कोड तयार होतो, टाकून दिला जातो आणि त्याच पत्त्यावर दुसरंच फंक्शन येऊन बसतं. मॅप फाइलला वेळ कळत नाही. जेडीके १७ पासून जेसीएमडी कमांडला सांगून मॅप एका फटक्यात लिहून घेता येतो, पण ते त्या क्षणाचं छायाचित्र झालं. पाच मिनिटं आधीच्या सॅम्पलला आत्ताच्या भाडेकरूचं नाव लागू शकतं.

त्यासाठी जिटडम्प नावाची वेगळी फाइल आहे. त्यात प्रत्येक फंक्शन कधी आलं तेही नोंदलेलं असतं, मशीन कोडसुद्धा असतो. रेकॉर्ड करताना घड्याळ मोनोटॉनिक ठेवायचं, नाहीतर दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत, आणि नंतर पर्फ इन्जेक्टला जिटचा पर्याय द्यायचा. ते प्रत्येक फंक्शनची एकेक चिमुकली एल्फ फाइल बनवतं आणि पर्फला वाटतं ही साध्या बायनरीतलीच माणसं.

पायथनवाल्यांना ३.१२ पासून पर्फचा स्विच मिळालाय, तोही मॅप फाइलच लिहितो. आणि गो वेगळ्याच गोत्राचं. स्ट्रिप केलं तरी पॅनिकच्या वेळी नावं छापता येतात, कारण रनटाइमला लागणारा फंक्शनचा तक्ता बायनरीतच असतो, 'गो-पीसी-एलएन-टॅब' नावाच्या विभागात. पण पर्फ तिथे बघत नाही, ते आपलं सिम्बॉल टेबलच शोधत बसतं. ओपन टेलिमेट्रीचा ईबीपीएफ प्रोफाइलर तो तक्ता वाचतो.

आकडेमोड | बुधवार, सायंकाळी ६:३५

झालं!

ऑक्झिलरी व्हेक्टरच्या रीतीने लोड पत्ता काढला. आधीच्या आकड्यापेक्षा बरोबर हेक्स १००० ने कमी आला. मॅप पुन्हा लिहिला. टेस्ट मशीनवर जीडीबीशी पाच पत्ते ताडून पाहिले, पाचही जुळले. मगच रिपोर्ट उघडला.

कॉन्फिगरेशन वाचणारं फंक्शन यादीतून गायब. वर आलं रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) बांधणारं फंक्शन, २२ टक्के, तीच सॅम्पल. कोणीतरी मागच्या रिलीझमध्ये एक रेगेक्स ऑब्जेक्ट वरून उचलून फंक्शनच्या आत ठेवला होता, स्टॅटिक न करता. म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला तो नव्याने कंपाइल होत होता. ९ टक्केवालंही त्याचंच पिल्लू, मेमरी देणंघेणं. दुरुस्ती एका शब्दाची. ह्यूज पेज बिचारं निर्दोष सुटलं.

त्या टीमला मेल करताना मॅपची स्क्रिप्टही जोडली आणि विचारलं की हे रीमॅप केल्यावर मॅप फाइल तुम्हीच का लिहीत नाही? लिहायला किती वेळ लागतो! उत्तर आलं, 'बॅकलॉगमध्ये टाकतो.'

तिरफळ | बुधवार, सायंकाळी ७:१०

त्यांना आणखी एक सुचवा. कर्नल ५.४ पासून एक पर्याय आहे, फाइलवरच्या वाचनापुरत्या कोडलाही ह्यूज पेज देणारा. कर्नल बांधताना तो चालू केलेला असावा लागतो आणि प्रोग्रामने तसा सल्ला द्यावा लागतो. त्यात कोड बाजूला काढून परत ओतायची कसरत नाही, मॅपिंगवरचं नाव तसंच राहतं आणि पर्फला काही सांगावं लागत नाही.

डोंबल्या | बुधवार, सायंकाळी ७:३२

रेगेक्स! पैज लावणार होतो, पण म्हटलं दोनदा तोंड पोळलंय. ते उरलेलं ३ टक्के अननोन कोण?

आकडेमोड | बुधवार, रात्री ८:१५

बाहेरून विकत घेतलेली एक बंद लायब्ररी, पक्की स्ट्रिप केलेली. डायनॅमिक सिम्बॉलमध्ये फक्त निर्यात केलेली चौदा फंक्शनं आहेत. दुसऱ्या एका साधनाने आतलं सगळं त्यातल्या शेवटच्या, 'क्लोज' नावाच्या फंक्शनवर ढकललं होतं. परवापर्यंत मी विश्वास ठेवला असता. आता ते अननोनच राहू देतो.

शेवग्याची_शेंग | बुधवार, रात्री ८:४०

शाबास. एक राहिलंच: टीएमपीतल्या दोन्ही मॅप फाइली पुसल्यात का? पीआयडी फिरून परत येतात. चार महिन्यांनी तोच आकडा दुसऱ्या कुठल्या प्रोसेसला मिळाला आणि कोणी पर्फ लावलं, तर त्या बिचाऱ्याला तुमची रेगेक्स दिसेल.

आकडेमोड | बुधवार, रात्री ८:४३

टेस्ट मशीनवरची पुसली. प्रॉडक्शनवरची... थांबा, लॉगिन करतो.